पहिलं पाणी

आमच्या चर्चला सव्वाशे वर्षं झाली म्हणून जी जाडजूड स्मरणिका निघाली, तिच्यात माझ्या सासूबाईंच्या वाट्याला दीड ओळ आली आहे. पान चौऱ्याण्णव, अगदी तळाशी, पंखे दुरुस्त करणाऱ्याच्याही खाली. "वेदीवरील वस्त्रे धुण्याची सेवा एका वृद्ध भगिनीने अनेक वर्षे निष्ठेने केली." अनेक वर्षे म्हणजे एक्केचाळीस, पण तेवढं विचारायची तसदी कोण घेणार? त्याच स्मरणिकेत सिमेंट फादरांचे, म्हणजे तीस वर्षांपूर्वी दिसेल तिथे सिमेंट ओतून गेलेल्या आमच्या एका फादरांचे, सात फोटो आहेत. त्यातले दोन तर एकच आहेत, फक्त एक उलटा छापलाय. फादर एकात उजव्या हाताने फीत कापतात, दुसऱ्यात डाव्या.

हा ग्रंथराज लिहिला निवृत्त हेडमास्तरांनी. शाळेत असताना मुलांना गप्प बसवायचे, आता चर्चमधल्या सगळ्यांना बसवतात. त्यांच्या इतिहासात कोणी जन्मत नाही, कोणी आजारी पडत नाही, कोणी झाडू मारत नाही. एक फादर येतात, काहीतरी बांधतात, उद्घाटन होतं, फादर जातात. मग पुढचे फादर. असे अकरा फादर मी एका बैठकीत वाचून काढले आणि मला एवढंच कळलं की आमच्या चर्चला उद्घाटनाचा आजार आहे.

सासूबाई म्हणजे काही गोड म्हातारी नव्हत्या, हेही आधीच सांगून टाकते. बुटक्या, काटक, मनगटं पुरुषासारखी, आणि समोरच्याकडे बघताना नेहमी त्याच्या कॉलरकडे बघायच्या. कॉलर मळकी असली की माणूस संपला. मी लग्न करून आले तेव्हा एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत कामाला होते, आजही आहे, आता सुपरवायझर म्हणून. रोज चारशे चादरी, सहाशे टॉवेल, टेबलक्लॉथ वेगळे. वाइन, लिपस्टिक, रक्त, शाई, तेल, कुठल्या डागाला काय लागतं ते मी झोपेतही सांगेन. हे सगळं मी पहिल्या आठवड्यात सासूबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मशीन धुतं. तू काय करतेस?"

तेव्हापासून आमचं जमलं नाही ते जमलंच नाही.

त्यांचं काम बघून मला हसू यायचं. दर सोमवारी चर्चमधून एक पांढरी पिशवी घरी यायची. त्यात फार तर आठ-दहा कापडं. प्याला पुसायचे लहान रुमाल, हात पुसायचे दोन, आणि वेदीवर प्याल्याखाली अंथरतात ते चौकोनी कापड. हॉटेलमध्ये एवढा ऐवज आम्ही मशीनच्या तोंडात मावला नाही म्हणून बाजूला ठेवतो. सासूबाई त्यावर अख्खी सकाळ घालवायच्या. आधी प्रत्येक कापड उजेडाकडे धरून बघायचं. मग स्वच्छ पाण्यात तासभर भिजत ठेवायचं, साबण नाही, काही नाही. ते पाणी वेगळं काढायचं. त्यानंतर कुठे साबण, खळ, आणि उलट बाजूने इस्त्री. शेवटी चौकोनी कापडाची घडी, तीन उभे पट्टे, तीन आडवे, नऊ चौकोन, आणि घडी आतल्या बाजूलाच पडली पाहिजे. बाहेरच्या बाजूला पडली की पुन्हा ओलं करून पहिल्यापासून.

सगळं अडून बसायचं ते त्या पहिल्या पाण्यावर. मिस्सेत, म्हणजे आमच्या चर्चमधल्या उपासनेत, फादर ज्या कापडावर पवित्र भाकर मोडतात, त्यावर एखादा कण राहू शकतो. प्याला पुसलेल्या रुमालात एखादा थेंब राहू शकतो. आम्ही मानतो की ती नुसती भाकर नाही आणि तो नुसता द्राक्षारस नाही, ते ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त. म्हणून ते पहिलं पाणी गटारात जाता कामा नये, सरळ मातीत गेलं पाहिजे. एवढ्यासाठी चर्चमध्ये वेदीमागच्या खोलीत भिंतीला एक लहानसं झाकणाचं बेसिन असतं. त्याची नळी कुठल्याही पाइपाला जोडलेली नसते, ती खाली जमिनीत उतरते आणि तिथेच संपते.

मग प्रश्न असा की सासूबाई ते बेसिन वापरायच्या का नाहीत? पहिलं पाणी एका झाकणाच्या पांढऱ्या बादलीत घालून त्या चालत चर्चला जायच्या. वेदीमागच्या खोलीत, त्या बेसिनच्या अगदी समोरून, नाक मुरडून बाहेर पडायच्या. मागच्या अंगणात पाण्याची टाकी आहे, तिच्या आणि कुंपणाच्या भिंतीच्या मधे दोन हात लांब, दीड हात रुंद मातीचा तुकडा होता. तिथे कोणाचा पाय पडत नसे. तिथे त्या पाणी ओतायच्या, हाताने छातीवर क्रूस काढायच्या आणि घरी यायच्या. मी एकदा विचारलं, "आई, बेसिन समोर असताना ही बादली कशाला नाचवता?" त्या म्हणाल्या, "तुझं काम चादरी. चादरी बघ." मी मनात म्हटलं, डोकं फिरलंय बाईचं. नवऱ्यालाही तसं बोलून दाखवलं. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, दोन मजल्यांच्या मधे लटकायची सवय असल्यामुळे घरातही तो मधेच लटकतो. म्हणाला, "तीस वर्षं अशीच जाते. जाऊ दे ना."

तर ते हेडमास्तर एका सकाळी 'जुन्या आठवणी' गोळा करायला आमच्या घरी आले. वही, दोन पेनं, आणि चेहऱ्यावर उपकार. सासूबाई इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री थांबवली नाही.

"मावशी, तुम्ही जुन्या. चर्चच्या इतिहासातलं काहीतरी सांगा. एखादा गोड प्रसंग."

"गोड नाही. खरं चालेल?"

"सांगा की."

"लिहा मग. पहिले फादर आले तेव्हा पत्र्याची शेड होती आणि खाली माती. माझ्या सासूने सांगितलंय, गुडघे टेकले की कपडे मळायचे. दुसऱ्यांनी वेदीखाली फरशी घातली. मग कोणी सगळ्या चर्चमध्ये मोझॅक घातलं. मग कोणी बाहेर पायवाट केली, कोणी हॉल बांधला. सिमेंट फादरांनी अंगण गिळलं. प्रत्येकाने येऊन थोडी थोडी माती झाकली. हा तुमचा सव्वाशे वर्षांचा इतिहास. आता टाकीमागे दोन हात उरली आहे."

हेडमास्तर हसले. त्यांना वाटलं म्हातारी विनोद करतेय.

"आणि हे लिहा," सासूबाई म्हणाल्या. "सिमेंट फादरांनी वेदीमागची खोली नवी केली, तेव्हा जुनं दगडी कुंड काढून चकचकीत बेसिन बसवलं. प्लंबरला कोणी काही सांगितलं नाही. त्याने शहाण्यासारखी नळी गटाराला जोडली. तीस वर्षं ते बेसिन गटाराला जोडलेलं आहे. जो कोणी त्यात पाणी ओततो तो देवाला गटारात ओततो. मी फादरांना तेव्हाच सांगितलं. ते म्हणाले, बाई, देव मन बघतो. म्हटलं, मग बेसिन कशाला बसवलंत, मनच बसवायचं."

हेडमास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. "मावशी, हे छापता यायचं नाही. फादर आता हयात नाहीत."

"देव आहे ना हयात?"

चहा अर्धा टाकून ते गेले. दारात मला हळूच म्हणाले, "वय झालं की असं होतं. सांभाळा त्यांना." आणि मी, माझ्या अकलेची कमाल बघा, मान डोलावली.

मान डोलावली खरी, पण डोक्यातून जाईना. म्हातारी खोटं बोलणारी नव्हती. कॉलर मळकी असेल तर मळकी म्हणायची, स्वतःच्या मुलाची असली तरी. दुसऱ्या दिवशी सुटी होती. लॉन्ड्रीतून आणलेली नीळ माझ्याकडे होती, पांढऱ्या कपड्यांना देतात ती. ड्रेनेज कुठे तुंबलंय ते बघायला आम्ही हॉटेलात हेच करतो. दुपारी चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. मी बेसिनमध्ये चांगले चार चमचे नीळ टाकली, दोन बादल्या पाणी सोडलं आणि धावत बाजूच्या गल्लीत गेले. तिथे पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानासमोर उघडं गटार आहे.

दोन मिनिटांत गटारातून निळंशार पाणी आलं. पंक्चरवाला टायर हातात धरून बघत राहिला. "ताई, हे काय?"

"आमच्या चर्चचा इतिहास," मी म्हटलं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मीपण नीळच टाकली होती. तीन चमचे." एक देठ मोडून टाकला. मग म्हणाल्या, "चार जास्त झाले. वाया गेला एक चमचा." बावीस वर्षांत आमचं दोघींचं एवढं कधी जमलं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, कशाचा आधी ते सांगता येणार नाही. या बाईने तीस वर्षं दर सोमवारी बादली वाहिली, कोणाला कळावं म्हणून नाही, तर एक थेंब चुकीच्या जागी जाऊ नये म्हणून. आणि मी तिला वेडी म्हणत होते, मी, जिला डागांतलं सगळं कळतं.

पुढच्याच रविवारी मिस्सेनंतर जाहीर झालं. सव्वाशे वर्षांच्या ज्युबिलीला बिशप येणार, म्हणून सगळ्या अंगणात रंगीत ब्लॉक बसवणार. सगळ्या म्हणजे सगळ्या, टाकीमागेसुद्धा. 'एकसारखं दिसलं पाहिजे.' सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझा हात धरला असेल. हात गार होता.

"मग मी पाणी कुठे टाकू?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि ते मला विचारलं.

मी बैठकीला गेले. हॉलमध्ये लांब टेबल, त्यावर ब्लॉकचे नमुने मांडलेले, लाल, करडे, पिवळट. बाराजण पाऊण तास लाल की करडा यावर घसा फोडत होते. नवे फादर तरुण आहेत, सभ्य आहेत, आणि त्यांचा फोन त्यांच्याहून जास्त हजर असतो. माझी पाळी आली तेव्हा मी त्या दिवशी गटारातून भरून ठेवलेली निळ्या पाण्याची बाटली टेबलावर, लाल आणि करड्याच्या मधे ठेवली आणि सगळं सांगितलं. बेसिन, नळी, पंक्चरवाला, टाकीमागची दोन हात माती.

बाराही जण बाटलीकडे बघायला लागले. मला वाटलं, चला, पोचलं. मग खजिनदाराने विचारलं, "ही बाटली गळत नाही ना? खाली नमुने आहेत."

हेडमास्तर म्हणाले, "ताई, गौरवाच्या वर्षात गटारं कशाला उपसायची?"

"गटार मी नाही उपसलं. तुम्ही देवाला त्यात सोडलंय, तीस वर्षं."

फादरांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे मी मान्य करते. ते म्हणाले, बेसिन ज्युबिलीनंतर नक्की दुरुस्त करून घेऊ, आता फरशी फोडली तर वेळेत होणार नाही. तोवर टाकीमागे दोन ब्लॉकांची जागा मोकळी सोडू. तसा ठराव झाला. लिहून घेतला, हेडमास्तरांच्याच अक्षरात.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "दोन ब्लॉक पुष्कळ झाले. बादली कुठे मोठी आहे?" त्या खूश होत्या. मीही होते. मूर्ख होतो आम्ही दोघी.

ब्लॉक बसले. दोन ब्लॉकांचं भोक राहिलं. चार सोमवार सासूबाईंनी तिथे वाकून पाणी ओतलं. बिशप यायच्या आदल्या दिवशी हेडमास्तर हातात यादी घेऊन पाहणी करत फिरले. टाकीमागे भोक दिसलं. बिशप टाकीमागे कशाला जातील हा प्रश्न त्यांना पडला नाही. बिशप अडखळले तर, हा पडला. गवंडी समोरच होता. त्याला हाक मारली आणि भोक बुजवून घेतलं. ठराव त्यांच्याच वहीत होता, त्यांच्याच खिशात. मी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "अरेच्चा. राहूनच गेलं हो लक्षातून." तसे ते दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर निदान भांडता आलं असतं.

ज्युबिली थाटात झाली. बिशपांनी अंगणाचं कौतुक केलं. फादरांनी बेसिनसाठी प्लंबर बोलावला, तो मोजमाप घेऊन गेला आणि मग फादरांचीच बदली झाली. नवे नवे फादर आले. त्यांना मी पुन्हा सगळं सांगितलं, त्यांनी पुन्हा मान हलवली. त्यांना आधी मोझॅक बदलायचं आहे.

आणि पहिलं पाणी आमच्या घरात साठायला लागलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, माती म्हणाल तर कुंडीतलीही नाही. मी म्हटलं, बागेत ओतू. सासूबाई म्हणाल्या, "बागेत लोक चालतात. कुत्री येतात. पाय पडायचा नाही अशी जागा दाखव." मी दफनभूमी सुचवली. तिथेही त्या दोन वेळा बसने जाऊन आल्या, गुडघे दुखत असताना. तिथे कबरींवर सगळीकडे लाद्या आणि मधल्या वाटाही सिमेंटच्या. सासऱ्यांच्या कबरीवरची लादी नवऱ्यानेच बसवली होती, मोठ्या हौसेने. सासूबाईंनी परत येऊन त्याच्या कॉलरकडे बघितलं.

म्हणून बाटल्या. झाकण घट्ट लावलेल्या, प्रत्येकीवर सोमवारची तारीख, गॅलरीत भिंतीशी ओळीने. नवरा म्हणाला, "आई, आता पाय ठेवायला जागा नाही." त्या म्हणाल्या, "मलापण नाही." सतरावी बाटली भरली त्या आठवड्यात त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, मग छातीत कफ भरला. हॉस्पिटलात बारा दिवस होत्या. शेवटच्या दिवसांत त्यांना फारसं बोलता येत नव्हतं. एकदा मला खूण करून जवळ बोलावलं. मला वाटलं, आता तरी काहीतरी बरं बोलतील.

"बाटल्या ओतल्या नाहीस ना?"

"नाही, आई."

"घडी आत. बाहेर नाही."

"हो, आई."

दोन दिवसांनी त्या गेल्या, आणि बावीस वर्षांची पावती म्हणून मला तेवढंच मिळालं.

सातव्या दिवशीच्या मिस्सेनंतर हेडमास्तर आमच्याकडे आले. सोबत कागदावर काढलेलं चित्र होतं. कमिटीने ठरवलं होतं की सासूबाईंच्या कबरीवर चांगली संगमरवरी लादी बसवायची, चर्चतर्फे. वर क्रूस, खाली कोरलेलं वाक्य, 'प्रभूच्या वेदीची निष्ठावंत सेविका'. वाक्य त्यांनी स्वतः रचलं होतं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खरं पाणी. मला वाटतं, त्यांना ते भोक आठवत होतं.

नवरा लगेच हो म्हणणार होता. मी त्याला गप्प केलं.

"लादी नको," मी म्हटलं.

"ताई, सगळ्यांची असते. लोक काय म्हणतील? एवढ्या वर्षांची सेवा, आणि नुसती माती?"

"नुसती मातीच पाहिजे. कडेने विटा लावून घेईन, कोणाचा पाय पडू नये म्हणून. पण वर काही घालायचं नाही. तुम्हीही नाही, तुमच्यानंतरच्यांनीही नाही. वाटल्यास ठराव करा, पण या वेळी वही माझ्याकडे द्या."

त्यांना कळलं की नाही, देव जाणे. चित्राची घडी करून ते निघून गेले. घडी वाकडी होती.

आता चर्चमध्ये बायका बोलतात. एवढी कमावती सून, हॉटेलात सुपरवायझर, पण सासूला एक दगड देववला नाही. बोलोत. पांढरी पिशवी सोमवारी माझ्याकडे येते, कारण दुसरं कोणी ते काम मागायला आलं नाही. माझी नऊ चौकोनांची घडी अजून कधी कधी चुकते, मग पुन्हा ओलं करते. कामावरून सुटले की बादली घेऊन बस पकडते. त्या सतरा बाटल्या तर पहिल्याच सोमवारी नवऱ्याने आणि मी मिळून नेल्या होत्या, एकेक उघडून ओतल्या. जमीन भराभर पीत होती.

सबंध दफनभूमीत तेवढी एकच कबर उघडी आहे. आमच्या चर्चच्या वाट्याला उरलेली माती म्हणाल तर एवढीच, सहा फूट बाय अडीच, आणि ती सासूबाईंनी स्वतः पडून मिळवली आहे. मी बादली हळूहळू रिकामी करते, कडेच्या विटांवर उडू नये म्हणून. क्रूस काढते. मग त्यांना सांगते, "आई, पाणी आणलंय. एक थेंब सांडला नाही." आणि निघण्याआधी माझी कॉलर बघून घेते.